दत्तक मूल घरी आल्यावर तुमची प्रार्थना बदलली का?

पाऊलवाट

दत्तक प्रक्रियेवर इथे बरेच धागे आहेत. कारा (दत्तक प्रक्रिया पाहणारी केंद्र सरकारची संस्था), नोंदणी, गृहभेटीचा अहवाल, वेटिंग लिस्ट, सगळी माहिती त्यात मिळते आणि आम्हाला तिचा खूप उपयोग झाला. पण मला जे विचारायचंय ते कुठेच सापडलं नाही, म्हणून नवीन धागा काढतेय. प्रश्न मुख्यतः ख्रिस्ती पालकांना आहे, बाकीच्यांनीही जरूर लिहा. मूल दत्तक घेतल्यावर तुमच्या विश्वासाचं काय झालं? 'विश्वास वाढला' एवढं एका ओळीचं उत्तर नकोय. प्रार्थनेत काय बदललं, बायबल वाचताना काय वेगळं दिसायला लागलं, मंडळीतलं, म्हणजे चर्चमधल्या लोकांचं, कुठलं बोलणं आता सोसवत नाही, असं काहीही.

आधी आमचं सांगते. आम्ही सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, मूळ नगरचे, आता पुण्यात. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. अशा जोडप्याला मंडळीत काय काय ऐकावं लागतं ते इथल्या काहीजणींना ठाऊक असेल, त्यात शिरत नाही. मूल नसलेल्या आणि देवाकडे मुलगा मागणाऱ्या हन्नाचा अध्याय मी इतक्यांदा वाचला की बायबलमधलं ते पान सुटं झालं. मग नाव नोंदवलं, वाट पाहिली आणि आमची लेक घरी आली. आभाराची उपासना झाली, मी साक्ष दिली, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे सांगितलं, सासूबाईंनी पेढे वाटले. 'प्रभूने हन्नाचं ऐकलं तसं तुमचं ऐकलं' असं जो तो म्हणाला आणि मी मनापासून आमेन म्हटलं. आजही म्हणते.

पण लेकीच्या कागदपत्रांत एक नोंद होती. तिची गोष्ट तिची आहे, म्हणून तपशील देत नाही. एवढंच सांगते की तिच्या आईने तिला बाल कल्याण समितीपुढे सही करून सोपवलं होतं. अशी सही केल्यावर कायदा आईला फेरविचारासाठी ६० दिवस देतो. त्या मुदतीत ती मूल परत नेऊ शकते. मी तारखा जुळवून पाहिल्या. तिची ती मुदत चालू होती तेव्हा आमच्या घरी उपास-प्रार्थना चालू होती. 'प्रभू, आता उशीर लावू नकोस' असं आम्ही गुडघे टेकून मागत होतो. ती बाई त्याच दिवसांत काय मागत असेल? तिचं दूधही आटलं नसेल तेव्हा. तिनेही कुठल्या तरी देवापुढे हात जोडलेच असतील. माझं ऐकलं गेलं म्हणजे तिचं ऐकलं गेलं नाही का?

हे पाळकांना विचारायचा धीर झाला नाही, नवऱ्याला विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आजपासून तिच्यासाठीपण प्रार्थना करू." तेव्हापासून रात्रीच्या प्रार्थनेत लेक स्वतःच म्हणते, 'मला जन्म दिलेल्या आईला बरं ठेव, तिला जेवायला मिळू दे.' जेवायचं तिने स्वतःहून जोडलं.

आता सात वर्षांची आहे. मध्यंतरी संडे स्कूलमध्ये मोशेची गोष्ट झाली, फारो राजाच्या माणसांनी मारू नये म्हणून आईने बाळाला नदीत लपवलं ती. लव्हाळ्याचा पेटारा, पाळत ठेवणारी बहीण, फारोची मुलगी, सगळं चित्रांसकट. घरी येऊन विचारते, "त्याच्या आईने त्याला दूध पाजून मोठं केलं आणि मग राजकन्येला परत देऊन टाकलं? दुसऱ्यांदा?" मी निर्गमचा दुसरा अध्याय काढला. खरंच की. एकदा नदीकाठी ठेवलं, आणि पोर मोठं झाल्यावर आईनेच नेऊन दिलं. मोशे वाचला या आनंदात मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आले. त्या दिवशी त्याची आई योखबेद एकटी घरी परतली असेल, हे सात वर्षांच्या मुलीला दिसलं.

माझा विश्वास डळमळलेला नाही. पण साक्ष द्यायला उभी राहिले की पहिल्यासारखं भरभर बोलता येत नाही. तुमचं काय?

वसईकर

पाऊलवाटताई, फार गरजेचा धागा. आम्ही वसईचे कॅथलिक, मुलगा नऊ वर्षांचा.

आमच्या भागात घराण्याचा अभिमान किती असतो ते इथल्या वसईकरांना सांगायला नको. कुणाचा नातू, कुठल्या आळीतला, आजोळ कुठलं, हे विचारल्याशिवाय चहा पुढे येत नाही. दत्तक घ्यायचं म्हटल्यावर वडील रागावले नाहीत, पण बोलेनासे झाले. एकदाच म्हणाले, "कुणाचं रक्त आहे ते तरी कळेल का?" कळणार नव्हतं. मुलगा बेवारस सापडलेला, जन्मतारीखसुद्धा डॉक्टरांनी अंदाजाने लिहिलेली.

स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) वेळ आली तेव्हा मला धाकधूक होती की चर्चच्या वहीत काय लिहितील. फादरांनी १९८३ ची धर्मसंहिताच दाखवली. नागरी कायद्याने दत्तक घेतलेलं मूल हे चर्चच्या दृष्टीनेही त्या आईबापांचंच मूल, असं त्यात स्पष्ट आहे. सापडलेल्या बाळाचा स्नानसंस्कार आधी झाल्याचं नीट चौकशी करूनही कळलं नाही, तर तो करावा असाही नियम आहे. म्हणजे हजारो अशी मुलं आधीच या दारातून आत आली असणार, त्याशिवाय नियम झालाच नसता. मला त्या कोरड्या कलमाने जेवढा धीर दिला तेवढा प्रवचनांनी दिला नव्हता.

वडिलांचं मन वळलं ते बायबलमुळेच. उत्पत्तीच्या ४८ व्या अध्यायात म्हातारा याकोब योसेफाच्या दोन्ही पोरांना जवळ घेऊन म्हणतो की रऊबेन आणि शिमोन जसे माझे, तसे हे माझे. ते नातू रक्ताचेच होते हे खरं, पण मिसरात परक्या आईच्या पोटी जन्मलेले, आणि तेही आजोबा तिथे पोचण्याआधीच. वडिलांनी तो अध्याय कितीतरी वेळा वाचला. मग स्वतःच म्हणाले, नाव माझ्या बापाचं ठेवा. आता रोज संध्याकाळी रोझरीला नातू त्यांच्याच मांडीवर असतो. माझ्या श्रद्धेचं विचाराल तर वर्षानुवर्षं मी चर्चला जायचो ते आमचं घराणं जातं म्हणून. मुलगा आल्यापासून मी माझ्यासाठी जातो.

केवडा

मी ख्रिस्ती नाही, पण दत्तक आई आहे. मनात आलेला प्रश्न राग न धरता घ्या. बाळ कुठल्या धर्मात जन्मलं ते माहीत नसताना, किंवा माहीत असतानाही, त्याला लगेच बाप्तिस्मा देणं तुम्हाला जड नाही का गेलं? आम्ही बारसं केलं तेव्हा मला हा प्रश्न पडला नाही, तुमचा धागा वाचताना पडला. म्हणजे तो मलाही लागू आहे.

पाऊलवाट

केवडा, राग कसला. आम्हाला जड गेलं, म्हणून आम्ही बाळपणी बाप्तिस्मा दिला नाही, समर्पणाची प्रार्थना केली. १९७० मध्ये सीएनआय झाली तेव्हा बाप्टिस्ट आणि ब्रदरन मंडळ्याही तिच्यात आल्या, त्यामुळे आमच्याकडे दोन्ही रीती चालतात. मोठी झाल्यावर ती ठरवेल. सासूबाईंना हे पटलं नव्हतं. पण ती काही रिकामी पाटी घेऊन आलेली नाही, तिच्यामागे एक घर होतं, हे मला विसरायचं नव्हतं.

वसईकर

इथे माझं मत वेगळं आहे. पोटचं मूल असतं तर मी महिन्याभरात स्नानसंस्कार केला असता. दत्तक आहे म्हणून थांबलो असतो तर तिथेच फरक केला असता. मोठेपणी दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वेळी त्याचा 'हो' त्याने स्वतः द्यायचाच आहे. पण तुमची बाजू समजते.

कायदेकानू

वकील आहे, म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो. नव्या पालकांना कदाचित माहीत नसेल. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी, ज्यू यांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं. मूल सज्ञान झालं की ते संपलं. कायद्याने वारसा नाही, मृत्युपत्र करून ठेवावं लागे. सगळ्यांसाठी एकच दत्तक कायदा करायचं विधेयक १९७२ मध्ये संसदेत आलं होतं, ते पुढे बारगळलं. खरी वाट उघडली ती २००० च्या बाल न्याय कायद्याने आणि त्यातल्या २००६ च्या दुरुस्तीने. २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कुठल्याही धर्माच्या माणसाला या कायद्याखाली दत्तक घेता येतं. २०१५ च्या कायद्यानुसार असं मूल सर्व बाबतींत दत्तक आईबापांचंच.

म्हणजे रविवारी चर्चमध्ये बायबलमधलं पौलाचं पत्र वाचायचं की देवाने आपल्याला दत्तक घेऊन वारस केलं, आणि सोमवारी कोर्टात ऐकायचं की तुम्हाला दत्तक घेता येत नाही. दोन पिढ्यांनी हे सोसलंय.

जुनी_शिक्षिका

कायदेकानू, त्या दोन पिढ्यांतली मी एक. मुलगा आता चाळिशीत आहे. मिशनच्या शाळेत मी शिकवायचे आणि माझ्याच शाळेच्या फॉर्मवर माझ्या मुलासाठी 'पालक' असं लिहायचे. आई म्हणून सही करता यायची नाही. रेशन कार्डावर, बँकेत, सगळीकडे तेच. तो अठरा वर्षांचा झाला त्या दिवशी घरात गोडधोड केलं आणि रात्री मी रडले, कारण सरकारच्या लेखी आजपासून आमचं नातं उरलं नव्हतं. आमच्या पाळकसाहेबांनी मात्र बाप्तिस्म्याच्या वहीत आईचं नाव म्हणून माझंच नाव घातलं होतं. त्या वहीतला उतारा मी अजून जपून ठेवलाय.

मला वेगळंच सांगायचंय. मंडळीत 'कुणाचं रक्त' म्हणून कुजबुज झाली तेव्हा मी माझ्या आजीची आठवण करून दिली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून मुली घेऊन आल्या, केडगावचं मुक्ती सदन त्यांच्यासाठीच उभं राहिलं. आजी त्या मुलींपैकी एक. तिला आईबापांची नावं आठवत नव्हती, गावाचं नाव अर्धवट आठवायचं. एक ओढ्याकाठचं चिंचेचं झाड आणि आईच्या हातातल्या लाखेच्या बांगड्या, एवढंच. मरेपर्यंत ती बांगड्यांच्या दुकानापुढे थांबायची. आपल्या मराठी ख्रिस्ती घराण्यांपैकी कितीतरी घराणी अशा दुष्काळातल्या पोरक्या लेकरांपासून सुरू झाली आहेत. तीच मंडळी चार पिढ्यांनी रक्त विचारायला लागली, हे मला फार लागलं. मी हे बायकांच्या सभेत उभी राहून बोलले. त्यानंतर दोघी-तिघी हळूच येऊन म्हणाल्या, आमची आजीपण तशीच.

माझा विश्वास विचारशील तर बाई, मुलामुळे मला आजीचा विश्वास कळला. ती प्रार्थनेत मागायची फार कमी, रडायची जास्त. तेही प्रार्थनाच आहे हे मला उशिरा उमगलं.

अबोली

मी दुसऱ्या बाजूने लिहितेय. मी दत्तक मुलगी आहे, वय सव्वीस, ख्रिस्ती घरात वाढले. आईबाबांवर माझा जीव आहे, हे आधी सांगते, कारण नाहीतर पुढचं वाचून लोक त्यांचीच कीव करतात.

लहानपणी मला सांगितलं जायचं की देवाने तुला आमच्यासाठी निवडलं, ही देवाची योजना. दहा-बारा वर्षांपर्यंत छान वाटायचं. मग प्रश्न पडायला लागला: मी कुणाकडून तरी सुटावं ही पण योजनाच का? म्हणजे तिची अडचण, तिची भीती, तिला कुणी साथ दिली नाही, हे सगळं देवाने माझ्या आईबाबांना मूल मिळावं म्हणून घडवलं? असा देव मला नको होता. कॉलेजात असताना मी चर्चला जाणं बंद केलं. आईने विचारलं तेव्हा मी हेच बोलले. तिने वाद घातला नाही. १३९ वं स्तोत्र आम्ही झोपताना म्हणायचो, देवाने मला आईच्या उदरात घडवलं ते. आई म्हणाली, "तुझ्याबरोबर हे म्हणताना दर वेळी माझा आवाज अडखळायचा, कारण ते उदर माझं नव्हतं. पण ती ओळ गाळायची नाही असं मी ठरवलं होतं." मला हे कधी जाणवलंच नव्हतं.

आता मी पुन्हा जाते, दर रविवारी नाही. पाऊलवाटताई, तुमच्या लेकीची प्रार्थना वाचून मी ऑफिसात रडले. माझ्या घरी तिचं नाव कुणी घेत नव्हतं, मला दुखेल म्हणून. घेतलं असतं तर बरं झालं असतं. आणि एक विनंती: मंडळीत मुलासमोर 'केवढं पुण्याचं काम केलंत' म्हणू देऊ नका. मूल ते ऐकतं आणि आयुष्यभर उपकार फेडत बसतं.

पाऊलवाट

अबोली, हे लिहिलंस म्हणून तुझे मनापासून आभार. तो शेवटचा मुद्दा मी आमच्या पाळकांना दाखवणार आहे.

मेंढपाळ

मी पाळक आहे, घाटावरच्या एका छोट्या मंडळीचा. दत्तक पालक नाही, पण अशा घरांमध्ये जाणं-येणं आहे. अबोली, 'देवाची योजना' हे आम्ही पाळक फार पटकन बोलतो. दुसऱ्याच्या दुःखाला आपण कारण चिकटवू नये असं मला वाटतं. बायबलमधल्या दुःखी ईयोबाच्या मित्रांनी तेच केलं आणि शेवटी देवाने त्यांनाच खडसावलं.

रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सगळे दत्तकावर बोलताना काढतात, 'अब्बा, बापा' पर्यंत वाचतात आणि थांबतात. थोडं पुढे, २२-२३ ओव्यांत, पौल पुन्हा दत्तकपणाचं नाव घेतो, आणि तिथे सगळी सृष्टी कण्हतेय, आपणही आतल्या आत कण्हत वाट पाहतोय असं म्हणतो. आनंद आणि कण्हणं एकाच अध्यायात, एकाच विषयावर. मी वर्षानुवर्षं पहिला भाग शिकवला. एका दत्तक बापाने मला दुसरा दाखवला, त्याचा मुलगा रात्री-बेरात्री उठून कारण न सांगता रडायचा तेव्हा. तो म्हणाला, "पास्टर, मी त्याला गप्प करत नाही, शेजारी बसतो. देव आपल्याशी असाच वागत असेल का?" माझ्याकडे 'हो' याशिवाय उत्तर नव्हतं.

अबोली

पास्टर, कण्हण्याचं पटलं. हे माझ्या लहानपणी कुणी शिकवलं असतं तर मी एवढी लांब गेले नसते.

ह्यूस्टनकर

इथून एक वेगळा अनुभव. अमेरिकेत इव्हँजेलिकल चर्चमध्ये दत्तक ही मोठी चळवळ आहे. सदर्न बॅप्टिस्ट या तिथल्या मोठ्या पंथाने २००९ मध्ये त्यावर ठरावच केला, नोव्हेंबरात 'अनाथ रविवार' पाळला जातो. अनेक घरांनी खरोखर जीव ओतून मुलं वाढवलीत, माझ्या शेजारीच आहेत. पण 'वाचवण्याच्या' उत्साहात काय होतं तेही पाहिलं. २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर काही बॅप्टिस्ट लोक ३३ मुलांना सीमेपलीकडे नेताना पकडले गेले. त्यातल्या बऱ्याच मुलांचे आईबाप जिवंत होते. २०१८ मध्ये इथिओपियाने परदेशी दत्तक बंदच केलं.

हे आपल्यापासून दूर नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पुण्या-मुंबईतूनही पुष्कळ मुलं युरोप-अमेरिकेत गेली. त्यातली काही आता चाळिशी-पन्नाशीत मुळं शोधत परत येतात. नियम कडक झाले ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे निकालानंतर. आमच्या मराठी ख्रिस्ती प्रार्थना गटात अशी एक बाई येते. मराठी येत नाही, पण 'अब्बा'वर प्रवचन झालं की उठून बाहेर जाते. तिला विचारलं तर म्हणाली, तिच्या कागदांवरची आईची सही खरी आहे की नाही हेच तिला माहीत नाही. तेव्हापासून आमच्या गटात दत्तकावर साक्ष झाली की आम्ही हेही विचारतो: त्या आईला मूल स्वतःजवळ ठेवता यावं म्हणून कुणी काही केलं होतं का? अनाथ आणि विधवांचा समाचार घ्या असं नव्या करारातल्या पत्रात याकोब म्हणतो (वर आलेला म्हातारा याकोब वेगळा). त्यातल्या विधवेला आपण विसरतो. तिला वेळेवर आधार मिळाला तर तिचं पोर अनाथ होतच नाही.

वाट_पाहणारी

आम्ही नोंदणी करून वेटिंगवर आहोत. तो ६० दिवसांचा मजकूर वाचल्यापासून प्रार्थनेला बसले की शब्दच फुटत नाहीत. 'लवकर दे' म्हणणं म्हणजे कुणाचं तरी मूल लवकर सुटू दे म्हणणं. मग मागायचं तरी काय?

जुनी_शिक्षिका

अगं, माग. मूल मागणं पाप नाही. देवाला तुझं मन माहीत आहे. फक्त जिला निर्णय घ्यायचाय तिला तो एकटीने, कुणाच्या धाकाने घ्यावा लागू नये, हेही माग. आणि तिने पोर परत नेलं तर तुम्हाला त्याचा आनंद व्हावा, हेही. हे दुसरं फार कठीण आहे, मला स्वतःला जमलं असतं की नाही सांगता येत नाही.

पाऊलवाट

वाट_पाहणारी, बाईंनी सांगितलं त्यात माझं एवढंच: नवऱ्याबरोबर मोठ्याने प्रार्थना करा, एकटीने नको. आणि गृहभेटीचा अहवाल ३ वर्षंच चालतो, तुमची तारीख एकदा पाहून घ्या. मुलाचा प्रस्ताव आला की राखून ठेवायला फक्त ४८ तास मिळतात, तेव्हा पोर्टलवर फोन नंबर चालू असलेला द्या. काही अडलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.